लेखकास खुनी माहीत नाही

‘लेखकास खुनी माहीत नाही’ या कारणावरून माझी कादंबरी मिरजेच्या संशयमेळ्यात अंतिम फेरीतून अपात्र ठरली. तसं लेखी पत्र मिळालं आहे, गोल शिक्क्यासह.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजू. रहस्यकथेत शेवट आधी सांगायचा नसतो, आणि मीही तो सांगितलेला नाही. संशयमेळ्याला अजून सोळा दिवस आहेत, माझी ‘बेदाणा शेड’ ही कादंबरी पहिल्या पाचांत आली आहे, पहिली आली की तिचं पुस्तक निघणार आहे, सकाळचे साडेसात वाजलेत आणि पद्मामावशी पोहे परततेय. सगळं उत्तम चाललंय.

मी इंद्रजित शेडबाळे. डिप्लोमासाठी मिरजेला मावशीकडं आलो, डिप्लोमा संपला, मी राहिलो. दिवसा एका पंपाच्या एजन्सीत लोकांच्या तक्रारी नोंदवतो. ‘मोटार फिरतेय पण पाणी येत नाही’ हे वाक्य मी आजवर साडेतीन हजार वेळा लिहून घेतलं असेल. उरलेल्या वेळात माणसं मारतो. कागदावर.

मावशी, म्हणजे श्रीमती पद्मा मगदूम, एका जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं टंकलेखिका होती. कोणत्या जिल्ह्यात ते ती सांगत नाही, गोपनीयतेची सवय. साक्षी, पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, निकाल, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. साक्षीदार ‘देवाशपथ खरं सांगतो’ म्हणाला की तिला म्हणे पुढचं वाक्य आधीच ठाऊक असायचं. अशा बाईला मी माझी प्रत्येक कथा आधी वाचायला देतो, आणि अशी बाई प्रत्येक कथा संपवून चष्मा काढत एकच वाक्य म्हणते: “शेवटपर्यंत कळलं नाही बघ, इंद्रा.” अकरा कथा, अकरा वेळा. माझ्यातला लेखक या एका वाक्यावर उभा आहे. दुसरा आधार नाही.

आता पट्टीविषयी सांगायला हवं.

आपण ज्या गोष्टीच्या शोधात असतो ती अचानक समोर आली, की साधारण एक-तृतीयांश सेकंदानं मेंदूत विजेची एक बारीक उसळी उठते. ही उसळी शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा ती मोजायला डोक्याला चिकट जेल लावून तारा जोडाव्या लागत आणि माणूस सलूनमधून अर्धवट पळून आल्यासारखा दिसे. आता कपाळाला बांधायची कापडी पट्टी पुरते. ती बांधून तुम्ही टॅबवर कादंबरी वाचायची. दर पान उलटताना पात्रांची नावं एकामागून एक, पापणी लवायच्या आत चमकून जातात. ज्याच्यावर तुमचा संशय, त्याच्या नावाला मोठी उसळी. हे आपल्या हातात नसतं. उचकीसारखं आहे: ठरवून लागत नाही, ठरवून थांबत नाही.

ज्या पानावर वाचकाचा संशय खऱ्या खुन्यावर बसतो आणि तिथून हलत नाही, ते त्या वाचकाचं ‘फुटपान’. पन्नास वाचकांची सरासरी काढली की कादंबरीचं फुटपान मिळतं. गेल्या तीन वर्षांत प्रकाशक ते मुखपृष्ठावर छापायला लागलेत, चहाच्या पुड्यावर वजन छापतात तसं. चांगलं लिहिलंय का, हे आता कुणी विचारत नाही. कितव्या पानावर फुटतं, विचारतात.

मग लेखकांनी काय करावं? एकानं खुन्याचा पहिला उल्लेख शेवटच्या पानावर केला. फुटपान थेट शेवटचं. दुसऱ्याचा खुनी ऋणनिर्देशात निघाला. लोक ग्राहक मंचात गेले. त्यावर नियम आला, की खुनी तिसाव्या पानाच्या आत आला पाहिजे आणि त्यानं किमान तीन वाक्यं बोलली पाहिजेत. तेव्हापासून प्रत्येक कादंबरीत एकोणतिसाव्या पानावर कुणीतरी येऊन बरोबर तीन वाक्यं बोलून जातो, आणि वाचक आधी एकोणतिसावं पान उघडतात. मी हुशार. माझा खुनी, बेदाण्याच्या शेडवरचा काटेवाला दत्तू, मी सतराव्या पानावरच बोलवून घेतला होता.

संशयमेळ्याचा आणखी एक नियम असा, की प्रत्येक स्पर्धकानं एक ‘घरचा वाचक’ आणायचा आणि त्याचा आलेख दुप्पट धरायचा. घरच्या माणसाला लेखकाच्या सगळ्या खोडी ठाऊक असतात, त्याला फसवलं तर खरं, असा विचार. माझी घरची वाचक कोण असणार हे उघड होतं. मला काळजी नव्हती. तिला शेवटपर्यंत कळत नाही, हे अकरा वेळा सिद्ध झालेलं.

म्हणून मी निव्वळ मजा म्हणून सरावाची पट्टी घरी आणली. पोहे व्हायचे होते, मावशी म्हणाली, दे बांध. तिनं ‘बेदाणा शेड’ आधी एकदा वाचली होती, पण पट्टीला त्याचं काही नसतं. पहिल्या वाचनात संशय जिथं बसला तिथंच दुसऱ्यांदा चढतो, शास्त्रज्ञ त्याला पाऊलवाट म्हणतात. ती स्टुलावर बसून वाचत होती आणि मी बाजूला आलेख बघत होतो. दत्तूची रेघ चोविसाव्या पानावर वर गेली आणि पाण्याच्या टाकीसारखी तिथंच उभी राहिली.

मी आलेख तिच्यापुढं धरला. ती चष्म्यातून बघत राहिली. मग म्हणाली, “चोवीस नव्हे. सतरा. ही पट्टी जरा हळूय.”

आधीच्या अकरा कथांचं काय, मी विचारलं. त्यावर तिनं पोहे गार होतायत असं सांगितलं. पोहे गॅसवर होते.

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. म्हणजे बोलत होतो, पण एजन्सीत बोलतो तसं: आपली तक्रार नोंदवली आहे. राग खोटं बोलल्याचा नव्हता. राग आकड्याचा होता. सतरा! दत्तू तिथं फक्त ‘काटा बरोबर आहे मालक’ एवढं म्हणतो, आणि आणखी दोन वाक्यं. तिसऱ्या दिवशी मी डबा भरत असताना मावशी दारात येऊन उभी राहिली. तिनं एक योजना केली होती.

योजना साधी. मेळ्यात तिनं दत्तूवर संशय घ्यायचाच नाही. कादंबरीतल्या डॉ. देवधरांवर घ्यायचा. देवधर म्हणजे मेलेल्या बाळासाहेब बागायतदारांचे घरचे डॉक्टर, मी फक्त गर्दी दिसावी म्हणून घातलेले. मी म्हटलं, ठरवून संशय येत नसतो, उचकीचं उदाहरणही दिलं. मावशी म्हणाली, एकतीस वर्षं सरकारी वकिलांना तो ठरवूनच आणताना बघितलंय.

ती सरावाला लागली. रोज सकाळी आंघोळ, जिनस्तुती, मग डॉ. देवधरांवर संशय. पहिले तीन दिवस पट्टी बधेना. देवधरांच्या नावाला मेंदू ढिम्म, दत्तूच्या नावाला उसळी. मग तिच्या लक्षात आलं की संशयाला चेहरा लागतो. तिनं देवधरांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा, आमच्याच गल्लीतल्या डॉ. आरवाडेंचा चेहरा दिला. आलेख लगेच हलला. मात्र तिनं रक्तदाबाची गोळी घ्यायची बंद केली. त्यांनीच लिहून दिलेली ना, म्हणाली.

मिरजेत डॉक्टरवर संशय घेणं म्हणजे कोकणात नारळावर घेण्यासारखं आहे, राहायचं कुठं? चौथ्या दिवशी डॉ. आरवाडे स्वतः चौकशीला आले. मावशीनं त्यांना चहा दिला, समोर बसली, आणि ते मंगळवारी दुपारी तीन वाजता कुठं होते असं विचारलं. ते सज्जन गृहस्थ, त्यांनी खरंच आठवून सांगितलं. मावशीनं ते लिहून घेतलं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि सगळं समजावलं. त्यांनी गोळ्या दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहून पाठवल्या. त्या तिनं घेतल्या.

चेहऱ्यानं अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी, मावशी म्हणाली, पुरावा पाहिजे. मेंदूला फसवता येत नाही, पण पटवता येतं. तिनं ‘बेदाणा शेड’ पुन्हा वाचायला घेतली, या वेळी हातात पेन्सिल आणि डॉक्टरांविरुद्ध जे जे सापडेल त्याखाली रेघ. मला वाटलं, तीन रेघा सापडतील. मेळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिनं ती सात वेळा वाचली होती. आलेखात दत्तू जमिनीला टेकला होता आणि डॉ. देवधर बाविसाव्या पानापासून आभाळात. मी खूश होतो. ती पुन्हा पान सेहेचाळीस उघडून बसली होती. पेन्सिल मारलेली प्रत मी मागितली तर म्हणाली, राहू दे, सरावाची आहे ती.

संशयमेळा एका मंगल कार्यालयात भरला. दुसरी एवढी जागा शहरात नाही. दारावरची ‘शुभविवाह’ पाटी विजेची होती आणि ती बंद करायची कळ कुणाला सापडली नाही, म्हणून तिच्याखालीच ‘खून, कट आणि कथानक’ असा फलक लावला होता. वाचकांची सोय वधूपक्षाच्या खोलीत, लेखकांची वरपक्षाच्या. त्यामुळं लेखक सकाळपासूनच रुसून बसले होते.

पहिल्या दिवशी कार्यशाळा. निवृत्त हवालदार रसूल जमादार यांचं ‘खुनाचा तपास: प्रत्यक्षात’ हे व्याख्यान सर्वांत गर्दीचं. त्यांनी सांगितलं की नोकरीत त्यांनी एकेचाळीस खून बघितले, आणि त्यांतल्या अडतीस वेळा खुनी प्रेताशेजारीच बसलेला होता. उरलेल्या तिघांपैकी दोघं चहा प्यायला गेले होते. सभागृहातल्या नवोदित लेखकांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि नंतर खोडलं. एका रसायनशास्त्राच्या मॅडमनी विषांवर बोलताना इतका जीव ओतला, की त्यांच्या यजमानांनी जेवणात मठ्ठा घेतला नाही. पट्ट्यांच्या टेबलावर स्वयंसेवकांनी वाढप्यांना ओळीत बसवून, जिलेबीचं ताट कुणी पळवलं याचा छडा लावला. पट्टीनं पाचही वाढप्यांना दोषी ठरवलं. ते बरोबर निघालं.

दुसऱ्या दिवशी वाचन, बाकी चार कादंबऱ्या शेजारच्या दालनांत, माझी मुख्य सभागृहात. सकाळी दहाला पन्नास माणसं पंगतीला बसावीत तशी समोरासमोर बसली, कपाळाला पांढऱ्या पट्ट्या. एकदम पन्नास जणांना ताप आल्यासारखं दिसत होतं. माझी मावशी पहिल्या रांगेत, नारिंगी पट्टी, म्हणजे घरची वाचक. मला व्यासपीठाच्या बाजूला खुर्ची दिली होती आणि पट्टी मलाही बांधली होती.

याचं कारण प्रा. उल्का तांबवेकरांनी सांगितलं. त्या संयोजक, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि माणसांशीही उपकरणांशी बोलतात तसंच बोलायच्या, न रागावता. पहिल्या वर्षी लेखक आपला खुनी कोण हे बंद पाकिटात देत. पण वाचकांचे आलेख बघून दोघांनी ऐनवेळी पाकीट बदललं. तेव्हापासून पाकिटाची पद्धतच बंद. खुनी थेट लेखकाच्या डोक्यातून घेतला जातो. पडद्यावर सगळ्यांत वर एक ओळ असते, ‘अधिकृत खुनी’, आणि तिथं लेखकाची पट्टी जे नाव दाखवील ते येतं. वाचकांना ती ओळ वाचन संपल्यावरच दिसते. छापील खुनी आणि अधिकृत खुनी वेगळे निघाले तर कादंबरी अपात्र. असं अजून कधी झालेलं नाही, त्या म्हणाल्या, पण नियम असावा.

एकशे चाळीस पानं, तीन तास. मंगल कार्यालयात फक्त पानं उलटल्याचा टिकटिक आवाज. माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर माझी ओळ शांत होती: दत्तू. वाचक कुठं कुठं भटकत होते. बाळासाहेबांची सून, बाळासाहेबांचा भागीदार, पान एकोणतीसवरचा पोस्टमन, ज्याला मी मुद्दाम तीन वाक्यं दिली होती. नारिंगी रेघ डॉ. देवधरांवर, खांबासारखी. शंभर पानं झाली तरी दत्तू कुणाच्या डोक्यात नव्हता. एकशे अठराव्या पानावर पांढऱ्या पट्ट्या भराभर दत्तूकडं वळल्या. मी मनातल्या मनात पुस्तकाच्या मागच्या बाजूला माझा फोटो कुठला द्यायचा ते ठरवून टाकलं.

एकशे एकोणचाळिसाव्या पानावर दत्तूला जन्मठेप झाली. एकशे चाळिसाव्यावर बेदाणे वाळले. वाचन संपलं, पडद्यावर वर ‘अधिकृत खुनी: दत्तू काटेवाला’ असं आलं आणि टाळ्या पडल्या. सरासरी एकशे सोळा. बाकी चौघांत सर्वांत जास्त ब्याण्णव होती.

तांबवेकर मॅडमनी माइक घेतला. सगळे वाचक सहमत आहेत, म्हणाल्या, एक सोडून. नारिंगी पट्टी. शेवटचं पान वाचूनही या वाचकाचा संशय डॉक्टरांवरच आहे. असहमत वाचकाला तीन मिनिटं कारण सांगायचा अधिकार असतो, तो त्यानं सोडला तर आलेख मोजणीतून वगळतात आणि निकाल कायम होतो. जेवणानंतर विचारू.

मी बिनघोर होतो. सरावाचा दोष, जरा जास्त झाला इतकंच. हात धुवायच्या नळांपाशी मावशी मला गाठून म्हणाली, जरा इकडं ये. आम्ही पत्रावळ्यांच्या ढिगाशेजारी उभं राहिलो.

तिनं सांगितलं की शेवटच्या पानावर रेघ आपोआप दत्तूवर उतरेल असं तिला वाटलं होतं. उतरली नाही. कारण तिला पटलं होतं. दत्तूनं खून केलेला नाही. डॉक्टरांनी केलाय.

मी तिला शांतपणे आठवण करून दिली की कादंबरी मी लिहिली आहे.

“लिहिलीस तू,” ती म्हणाली, “टाइप केल्यासारखी.”

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. मला तिच्याबरोबर राहून आठ वर्षं झाली, पण ती गोष्ट तिनं तोवर कधी काढली नव्हती. नोकरीच्या नवव्या वर्षी, एका खुनाच्या खटल्यात, तिनं सकाळी शवविच्छेदनाचा अहवाल टाइप केला आणि दुपारी साक्षीदाराची जबानी. अहवालात शरीर किती ताठरलं होतं ते होतं. जबानीत मारल्याची वेळ होती. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं असणं शक्य नव्हतं. वकिलांनी दोन्ही कागद बघितले, वेगवेगळ्या दिवशी. एकाच दिवशी एकाच नजरेनं बघणारी फक्त ती. तिनं विचारलं, साहेब, ही वेळ... तिला सांगण्यात आलं, बाई, तुम्ही टाइप करा. तिनं केलं. तीन प्रतींत, मध्ये कार्बन. निकालसुद्धा तिनंच टाइप केला. एकही चूक नव्हती.

“तो माणूस?” मी विचारलं.

“आत गेला. बाहेर आला नाही.” तिनं नळ नीट बंद केला. “इंद्रा, मी बोलले नाही तर पुस्तक तुझं येतंय. तुझ्यापुढं मी काय बोलणार? तू नको म्हण, मी जिलेबी खाते.”

मला इथं लिहायला आवडलं असतं की मी लगेच हो म्हटलं. मी पत्रावळ्या मोजल्या. मुखपृष्ठ आठवलं, त्यावरचा एकशे सोळा आकडा आठवला. अकरा कथांना ती खोटं बोलली होती आणि बाराव्याला मी तिला खरं बोलू नको म्हणणार होतो, आणि दोन्ही वेळा फायदा माझाच. दत्तू काही खरा माणूस नाही, हेही मनात येऊन गेलं. पण ते मावशीच्या तोंडाकडं बघून म्हणता येईना.

“तीन मिनिटं आहेत,” मी म्हटलं. “मोठ्यानं बोल. मागं ऐकू जात नाही.”

तिनं माइक हातात घेतला नाही. स्टँडवरच राहू दिला, हात मोकळे पाहिजेत म्हणून. बोलताना तिची बोटं टेबलावर टाइप करत होती. पान सेहेचाळीस, ती म्हणाली. डॉ. देवधर रात्री बारा वाजता येतात, प्रेत ‘लाकडासारखं कडक’ आहे असं लेखक म्हणतो, आणि डॉक्टर म्हणतात, मृत्यू दहा वाजता झाला. दोन तासांत माणूस लाकूड होत नाही. जबडा आवळायला लागतो, एवढंच. अख्खं शरीर ताठरायला आठ-दहा तास जातात. मी असे तीनशे अहवाल टाइप केलेत. म्हणजे बाळासाहेब दुपारी गेले, आणि हे डॉक्टरांना कळलं नाही असं होऊ शकत नाही. म्हणजे डॉक्टर वेळ खोटी सांगतात. का?

सभागृहात कुणी हललं नाही. मी हललो. मेलेला माणूस लगेच कडक होतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

जमादारकाका मागून उभे राहिले आणि त्यांनी ऋतू विचारला. उन्हाळ्यात लवकर होतं, म्हणाले.

“पान नऊ,” मावशी म्हणाली. “शेकोटी आहे.”

जमादारकाका खाली बसले, आणि शेजारच्याला म्हणाले की मग झालं.

दत्तू, मावशीनं पुढं सांगितलं, दुपारभर सौद्यात, दोनशे व्यापाऱ्यांपुढं बेदाणे तोलत होता. पान एकतीस. त्याच दुपारी तीन वाजता बाळासाहेबांकडं एकच माणूस येऊन गेला, इंजेक्शन द्यायला. पान बावीस. ते वाक्य मी पान भरावं म्हणून लिहिलं होतं. अगदी खरं सांगतो, दोन ओळी कमी पडत होत्या.

“दत्तू कबुली देतो,” मावशी शेवटी म्हणाली. “कबुलीत तो म्हणतो, मारलं. कधी, ते त्याला कुणी विचारत नाही. त्याला कुणीतरी विचारायला पाहिजे होतं.” आणि आपल्या जागी जाऊन बसली. दोन मिनिटं दहा सेकंद.

नियमाप्रमाणं नावं पुन्हा एकदा चमकली. पांढऱ्या पट्ट्या एकेक करून डॉक्टरांकडं वळल्या. तेही चाललं असतं. वाचकांनी मत बदललं तर बदललं. पण मग सगळ्यांच्या माना वर गेल्या म्हणून मीही वर बघितलं. ‘अधिकृत खुनी’ या ओळीतलं दत्तूचं नाव थरथरलं, विझलं, आणि तिथं डॉ. देवधर आले.

मी पट्टी घट्ट केली. सैल केली. मनात दत्तू, दत्तू, दत्तू म्हणालो. डॉ. देवधर तिथंच. तांबवेकर मॅडमनी जवळ येऊन जोडणी तपासली आणि काही बिघाड नसल्याचं मला हळूच सांगितलं. मग त्यांनी माइकवरून नियम वाचून दाखवला. छापील खुनी दत्तू, लेखकाच्या मते डॉक्टर, कादंबरी अपात्र. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा छापील पर्याय नव्हता, म्हणून त्यांनी थोडा विचार करून स्वतःच्या अक्षरात लिहिलं. ते कोणतं वाक्य, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

बक्षीस ब्याण्णववाल्याला गेलं. त्याचा खुनी दुधाचा टँकर आहे, नियमाची तीन वाक्यं त्याच्या पाठीवर रंगवलेली.

परतताना आम्ही रिक्षा केली. स्टेशनच्या पुढं आल्यावर मावशी म्हणाली, पुस्तक गेलं तुझं. मी म्हटलं, ते माझं नव्हतंच, आपल्या दोघांना वेगळा खुनी सापडलेलं पहिलं पुस्तक आहे ते. ती हसली नाही, पण कथा बरीय म्हणाली. दत्तूचं लिहिणं चांगलंय, म्हणाली, उगाच गरीब दाखवलेला नाही. सगळ्या अकरांत इतकं कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढं बसलो. मी कादंबरी दुरुस्त करायला फाइल उघडली, तर ती म्हणाली, आधी एक अर्ज टाइप कर. दत्तूची फेरतपासणी. मी म्हटलं, कुणाकडं? तिनं विचार करून न्यायालयाचं नाव सांगितलं, आणि मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिचा जिल्हा कळला. तो मी इथं देत नाही. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. दुसऱ्या परिच्छेदावर माझी बोटं थांबली. तिनं वाट बघितली. मग मी पुढं टाइप केलं, एकही शब्द न बदलता.

मे. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशसाहेब यांचे सेवेशी,

अर्जदार श्रीमती पद्मा मगदूम, निवृत्त टंकलेखिका, राहणार मिरज, यांचा विनंती अर्ज येणेप्रमाणे:

एक. दत्तू काटेवाला, पेशा वजनकाटा, अस्तित्व कादंबरीपुरते, यास पान एकशे एकोणचाळीस अन्वये दिलेली शिक्षा पान सेहेचाळीसवरील मजकुराशी विसंगत असल्याने सदर पान रद्द करून त्यास सन्मानाने सौद्यावर परत पाठविणेत यावे.

दोन. अर्जदार सेवेत असताना एका खटल्यातील अहवाल व जबानी हे दोन कागद अर्जदाराने एकाच दिवशी टाइप केले होते. त्या वेळी अर्जदाराने विचारावयास घेतलेला एक प्रश्न अपूर्ण राहिला. संबंधित इसम आता हयात नाही, हे अर्जदारास माहीत आहे. तरी सदर प्रश्न पूर्ण विचारण्याची परवानगी अर्जदारास त्याच दिवशीच्या, दुपारी साडेतीनच्या, मागील तारखेपासून मिळावी, ही विनंती.